दाण्यांच्या राशीतला ६४१

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. ही गोष्ट ऐकणारा राजाची फजिती बघून खूश होतो आणि दाण्यांची संख्या तिथेच विसरतो. ती आहे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं परार्धापाशी संपतात, ही रास १८४ परार्धांच्याही पुढे जाते. पण नुसतं मोठं असण्यात कसली आलीय कर्तबगारी? एक मिळवा, आणखी मोठी संख्या हजर. मला ही आवडते ती फोडून बघताना.

ती २ च्या ६४ व्या घाताहून एकाने कमी. म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, आठवी-नववीतलं सूत्र. एक कंस फुटतो, त्यातला एक पुन्हा फुटतो, आणि शेवटी हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यातली प्रत्येक संख्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारापेक्षा बरोबर दोनाने मोठी. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत, तेव्हा सहावीही असणारच, असं सतराव्या शतकात फर्माला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

१७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणून तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१!

भागाकार न करताही हे पटतं, आणि ती पडताळणी फार देखणी आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ हे −१ सारखं वागतं. त्याचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा! तेव्हा ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ हा २ चा चौथा घात. २८ नि ४ मिळून ३२. म्हणजे २ चा ३२ वा घात −१ सारखा, आणि त्यात १ मिळवला की बाकी शून्य. एकाच संख्येची दोन रूपं अशी एकमेकांना टाळी देतात!

म्हणजे आपली रास हा फर्माच्या खऱ्या ठरलेल्या पाच संख्यांचा आणि फसलेल्या एकीचा गुणाकार. खऱ्या पाचांचं मोल गाउसने वाढवलं. १७९६ मध्ये त्याने दाखवलं की १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता येते. ६५५३७ बाजूंच्या आकृतीमागे तर हेर्मेस नावाच्या जर्मन गणितीने दहा वर्षं घालवली. त्याचे कागद ग्योटिंगनला ठेवले आहेत. या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५. पट्टी-कंपासने जमणाऱ्या आकृत्यांमध्ये बाजूंची ज्ञात असलेली सर्वांत मोठी विषम संख्या हीच. ६४१ बाजूंची आकृती मात्र कधीच जमायची नाही. तिथे ६४१ मधून १ वजा केल्यावर नुसते २ च उरावे लागतात, आणि उरतात ५ × १२८. तो ५ आडवा येतो.