गुणात्मक जोखीम-मूल्यमापनाच्या मर्यादा : वाढवण बंदराच्या संदर्भात

प्रकल्पातील जोखमी ओळखण्यासाठी तज्ज्ञांची मते, मुलाखती, गटचर्चा व तपासणी सूची यांचा आधार घेतला जातो. त्यानंतर प्रत्येक जोखमीची शक्यता आणि परिणाम यांना अल्प, मध्यम वा तीव्र अशी श्रेणी देऊन अग्रक्रम ठरविला जातो. पुरेशी आकडेवारी नसतानाही निर्णयाला दिशा मिळते, हे या पद्धतीचे बलस्थान होय. मात्र श्रेणी कोणी द्यावी, हा प्रश्न तिच्यात बहुधा अनुत्तरित राहतो.

वाणगावच्या पश्चिमेस किनाऱ्यावरील वाढवण येथे या उणिवेचा प्रत्यय येतो. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदर अनुज्ञेय नसल्याचा निर्णय दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावास अटींसह संमती दिली. दोन्ही प्रस्तावांचे आराखडे भिन्न होते, हे मान्य केले तरी किनारा तोच होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. मासेमारीचे क्षेत्र घटणे ही जोखीम प्रवर्तकाच्या दृष्टीने भरपाईने निवारण्याजोगी, म्हणून 'मध्यम' ठरू शकते. मच्छीमाराच्या लेखी तीच उपजीविकेचा प्रश्न असते. या दोहोंची सरासरी काढल्यास मूळ विरोधच कागदावरून नाहीसा होतो.

म्हणूनच प्रत्येक घटकाने दिलेली श्रेणी व तिची कारणे स्वतंत्रपणे नोंदविली जाणे आवश्यक ठरते. मतभेद हा मूल्यमापनातील दोष नसून, त्यातील सर्वांत मोलाची माहिती होय.