पांढरा फेरेट ‘नॉर्मल’ कुणी ठरवला?

रिव्ह्यू चॅप्टरसाठी मी एक तक्ता करत होते: फेरेटमधले जन्मजात नेत्रदोष. फेरेट दिसायला मुंगसासारखा, पण कुळाने पाणमांजराचा भाऊबंद. डोळा लहान राहणं, मोतीबिंदू, गर्भावस्थेत भिंगामागे असणाऱ्या रक्तवाहिन्या जिरून न जाता तशाच राहणं, असे रकाने भरले. तुलनेसाठी शेजारी ‘निरोगी’ असा रकाना. त्यात लाल डोळ्यांचे पांढरे फेरेटही टाकले. मॅडमनी त्या रकान्यावर फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं आणि चहाला गेल्या.

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर १९७१ सालीच छापून आलं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. गिलरी यांनी १९६९ मध्ये सयामी मांजरांच्या दृष्टिमार्गात गडबड दाखवली आणि दोन वर्षांनी तीच अल्बिनो फेरेटमध्ये. दोन्ही डोळ्यांचे चेतातंतू मेंदूकडे जाताना ऑप्टिक कायझमापाशी भेटतात. काही पलीकडच्या बाजूला जातात, काही आपल्याच बाजूला राहतात. डोळ्यात मेलॅनिन नसेल तर आपल्या बाजूला राहायला हवेत असे बरेच तंतू चुकून पलीकडे जातात. ही चूक जन्माआधीच होते. मग याला जन्मजात दोष म्हणायचं नाही तर कशाला?

आणि ही नुसती वायरिंगची बाब नाही. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्याचे डोळे बघा: खांबामागे सरकतात, झटक्यात परत येतात. होफमान, गारिपिस आणि डिस्टलर यांच्या २००४ च्या पेपरमध्ये अल्बिनो फेरेटमध्ये ही प्रतिक्रिया जवळजवळ नव्हतीच. तो पेपर जरूर वाचा. त्यांनी वागणूक आणि चेतापेशी दोन्ही तपासल्या, आणि रंगीत फेरेट शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढला. तुलना कशी करावी याचा तो चांगला नमुना आहे.

माझी तक्रार बाकीच्या वाङ्मयाबद्दल आहे. मी चाळलेल्या पशुवैद्यकीय याद्यांत लहान डोळा आणि मोतीबिंदू ठळक, अल्बिनिझम मात्र ‘रंगाचा प्रकार’ म्हणून भलत्याच प्रकरणात. डॉक्टरला बॅटरी लावून जे दिसतं तो दोष, जे दिसत नाही ते नॉर्मल! चेताविज्ञानवाले आणि पशुवैद्य एकमेकांची जर्नल्स उघडत नसावेत, अशी मला दाट शंका आहे. काही ठिकाणी तर नुसतं ‘पांढरा फेरेट’ एवढंच लिहिलेलं. पण पांढरी फर आणि काळे डोळे असलेले फेरेटही असतात. ते अल्बिनो नव्हेत.

‘जन्मजात’ हा शब्दही जरा सैल हातानं वापरलाय. फेरेटच्या पिल्लाचे डोळे उघडतात साधारण महिन्याभरानंतर. म्हणजे पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लात मोतीबिंदू सापडला, तर तो जन्मतः होता की नंतर झाला, हे त्या एका तपासणीवरून सांगता येत नाही. आणि आपण मराठीत बोलताना जन्मजात आणि आनुवंशिक सरसकट एकच करून टाकतो. पेटच्या मुलाखतीत मीही केलं होतं. गर्भावस्थेत संसर्ग झाला तरी दोष जन्मजातच, पण तो जनुकांतून आलेला नसतो. उलट जनुकातला दोष डोळ्यात दिसायला वर्षंही लागू शकतात.

केस रिपोर्टवर मात्र उगाच राग काढू नका. दवाखान्यात आलेल्या दोन-चार प्राण्यांबद्दल तो प्रामाणिकपणे बोलतो. त्यावरून टक्केवारी काढतो आपण. किती निरोगी पिल्लं दवाखान्यात आलीच नाहीत, हा छेद त्यात नसतोच.

तक्ता आता नव्याने केलाय. ‘निरोगी’ रकाना गेला, त्याजागी ‘फरीचा रंग’ आणि ‘डोळ्याचा रंग’ असे दोन रकाने आले. बऱ्याच पेपरांपुढे दुसरा रकाना रिकामाच आहे, आणि तो तसाच ठेवून मी चॅप्टर मॅडमना पाठवलाय.