मोरियाच्या वाटेवरचा बाप

शिरूरहून केडगावला जायचे तर न्हावऱ्यावरून पुढे पारगावपाशी भीमा ओलांडायची आणि चौफुल्याला उतरायचे. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. जुनी माणसे शिरूरला अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणे केले. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, आणि इब्री व ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींनी खिळे जुळवून छापले. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्र कुठे शिकलेलोही नाही. या वाटेवर जा-ये करता करता अब्राहामाची गोष्ट मात्र पाठीस लागली.

प्रवचनांतून हा अब्राहाम फार सोपा होऊन येतो. देवाने एकुलता मुलगा मागितला, बापाने दिला, ऐन वेळी देवाने हात धरला. सबब बापाने असे विश्वासू असावे. उत्पत्तीच्या पुस्तकातला बाविसावा अध्याय असा सुटा काढला की हा अर्थ निघतो. पण त्याच्या आधी एकविसावा आहे, आणि माझा आक्षेप तिथून सुरू होतो.

एकविसाव्या अध्यायात अब्राहाम थोरल्या मुलाला, इश्माएलला, त्याच्या आईसकट घराबाहेर काढतो. साराचा हट्ट आहे, देवाची संमती आहे, अब्राहामाला दुःख होते हेही ग्रंथ सांगतो. तरी हागारच्या खांद्यावर तो देतो काय, तर भाकरी आणि पाण्याची एक चामडी पिशवी. ज्याच्या कळपांची आणि चाकरमाणसांची मोजदाद आधी येऊन गेली, त्या गृहस्थाची ही शिदोरी! पाणी संपते. आई पोराला झुडपाखाली टाकून दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला बघवणार नसते. आता भाषेकडे पाहा. हागारला घालवताना अब्राहाम पहाटे उठतो. इसहाकाला घेऊन मोरियाकडे निघतानाही पहाटेच उठतो. इब्रीत दोन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत. लिहिणाऱ्याला या दोन पहाटा शेजारी ठेवायच्या होत्या, असे मला वाटते. एका मुलाला वाळवंटाच्या हवाली केलेल्या बापाकडे दुसरा मागितला जातो. परीक्षा आहेच, पण हिशेबही आहे.

अठराव्या अध्यायात हाच अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, इथून सुरुवात करून दहांवर आणतो. बाजारात गाजराच्या पेंडीसाठीही इतक्या चिकाटीने कोणी भांडत नाही. परक्या गावासाठी असे बोलणारा माणूस पोटच्या पोरासाठी एक शब्द काढत नाही. या मौनाला श्रद्धा म्हणणारे पुष्कळ झाले. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्दने 1843 साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले; त्यातली भीती मला पटते, समाधान तितके पटत नाही. कुराणात ही कथा येते तेव्हा इब्राहीम स्वप्न मुलाला सांगतो आणि तुला काय वाटते, असे विचारतो. तिथे मुलाचे नाव नाही. मुस्लिम परंपरा बहुधा त्याला इस्माईल मानते. बायबलात इसहाक स्वतःच विचारतो, विस्तव आणि लाकडे आहेत, कोकरू कुठे? बापाचे उत्तर खरेही नाही आणि खोटेही नाही.

मराठी वाचकाला इथे चिलया आठवणारच. श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ 1718 साली बारामतीत पूर्ण केले. म्हणजे तेही दौंडच्या शेजारचेच. दोन कथांची तुलना नवी नाही, पण ती ‘दोघांनी मुलगा दिला’ एवढ्यावर संपवतात. फरक आईत आहे. श्रियाळाच्या घरात चांगुणा सगळ्या प्रसंगाच्या मधोमध उभी आहे. कापणे, रांधणे, अश्रू न गाळता उखळात मस्तक कांडणे तिच्या वाट्याला येते, आणि शेवटी मुलाला हाक मारायचीही तीच. कथा क्रूर आहे, पण आईला ती वगळत नाही. मोरियाच्या कथेत सारा नाही. तिला कोणी विचारले नाही, सांगितल्याचाही उल्लेख नाही. पुढच्याच अध्यायात ती हेब्रोनला मरते आणि अब्राहाम तिच्यासाठी शोक करायला ‘येतो’. मोरियानंतर त्याचा मुक्काम बैर-शेब्याला होता. या एका क्रियापदात किती अंतर भरले आहे!

बेने इस्राएलांनी 1880च्या सुमारास मराठीत कीर्तने सुरू केली आणि बायबलातली चरित्रे आख्यानाला घेतली. म्हणजे अब्राहाम मराठी कीर्तनाच्या चालीवरही येऊन गेला आहे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

मला या कथेशेजारी ठेवावासा वाटतो तो बाप म्हणजे रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना जातीच्या पंडितांपुढे उत्तर द्यावे लागले. अब्राहामासारखेच हेही अतिथ्यात रमलेले गृहस्थ. गंगामूळच्या आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालता घालता कर्ज झाले, जमीन गेली, आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागले. थोरल्या मुलीचा बालविवाह फसला तेव्हा धाकटीचे लग्न त्यांनी लहानपणी केले नाही. केलेल्या चुकीवरून पुढचे मूल वाचवणारा हा बाप आहे. अब्राहामाच्या बाबतीत मला नेमके हेच सापडत नाही.

1874च्या उपासमारीत सगळे संपले तेव्हा त्यांनी जलसमाधीचा निश्चय केला. रमाबाईंनी आपल्या साक्षीत तो निरोप लिहिला आहे. दृष्टी गेलेल्या वृद्धाने सोळा वर्षांच्या मुलीला जवळ घेतले आणि सांगितले की तुला मी देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. एवढ्यात थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. ब्राह्मणाच्या मुलाने मजुरी करणे तेव्हा सोपे नव्हते. बापाचा हात इथेही धरला गेला, पण वरून आवाज आला नाही, मुलाने धरला. शास्त्रीबुवा पुढे थोड्याच दिवसांत गेले, मागोमाग आईही.

त्या मुलीने बापाचा शब्द पाळला, मात्र त्याने म्हटलेल्या देवाच्या जागी दुसरा देव स्वीकारून. अनंतशास्त्रींना ते पटले असते का, हा प्रश्न मला केडगावला प्रत्येक वेळी पडतो. मूल देवाच्या हाती दिले की ते कोणत्या वाटेने जाईल हे ठरवण्याचा हक्कही दिला गेला, असे मानणारा बाप विरळाच. रमाबाईंनी स्वतःही लेकीला कामाला वाहिले. मनोरमा शारदा सदन आणि मुक्ती सदनाच्या कामात आईच्या बरोबरीने उभी राहिली आणि 1921 साली, आईच्या आधी गेली. एकुलती एक. रमाबाई भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या आणि 5 एप्रिल 1922ला गेल्या. मुद्रिते संपवूनच गेल्या, असे सांगतात. पुस्तक 1924ला बाहेर आले. हे भाषांतर साध्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी शब्द मुद्दाम सोपे ठेवले. पंडितांना ते रुचले नाहीत. मला रुचतात, कारण मोरियाची कथा मुळातही तशीच कोरडी, विशेषणांवाचून सांगितलेली आहे.

बाविसाव्याच्या शेवटाकडे पुरेसे लक्ष जात नाही. डोंगर चढताना बाप-लेक दोघे बरोबर चालले, हे दोनदा सांगितले आहे. उतरताना अब्राहाम चाकरांकडे परत आला, एवढेच. इसहाकाचे नाव नाही. पुढे बाप-लेकांत एक वाक्यही नोंदलेले नाही, आणि देवही अब्राहामाशी पुन्हा बोलत नाही. नंतर पंचविसाव्या अध्यायात म्हातारा मरतो, तेव्हा मकपेलाच्या गुहेत त्याला पुरायला दोन माणसे येतात: घराबाहेर काढलेला इश्माएल आणि वेदीवर बांधलेला इसहाक. ते एकमेकांशी काय बोलले, हे ग्रंथ सांगत नाही.