विशेषणांपलीकडची आई

आई किंवा आजी प्रभुघरी गेली, की मासिक स्मरणाच्या मिस्साबलिदानापर्यंत घरातील कुणीतरी तिच्यावर चार शब्द लिहितो. 'कष्टाळू', 'मायाळू', 'प्रार्थनाशील' ही विशेषणे त्यांत हटकून भेटतात. ती खोटी नसतात. परंतु ती कोणत्याही आईला शोभतात, म्हणूनच एका विशिष्ट आईची ओळख त्यांतून पटत नाही. अशा लेखनाची कसोटी कोणती, हा प्रश्न पडला म्हणजे आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळतो.

लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) प्रॉटेस्टंट पंथाच्या. तरीही त्यांचे हे आत्मचरित्र आपल्याही घरातले वाटते. शालेय शिक्षण जवळजवळ नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, एवढाच मूळ हेतू. पतीच्या स्मरणासाठी हाती घेतलेली लेखणी नकळत एका बाईचे, एका आईचे आयुष्य लिहून गेली.

टिळकांच्या औदार्याचे कौतुक सारेच करतात. त्यांच्या घरात आल्यागेल्याचा आणि पोरक्या मुलांचा सतत राबता असे. बालकवी ठोंबरे तिथे घरच्यासारखे राहिले. पण पाहुण्यांच्या पानात पडणारा भात कुणी रांधला आणि तो वाढताना घरात काय उरले होते, हे लक्ष्मीबाईंच्याच पुस्तकातून कळते. दयेला हात असतात आणि ते हात थकतात, हे या पुस्तकाने मराठी वाचकाला दाखवून दिले.

आमच्या मते पुस्तकाचे खरे बळ आणखी एका गोष्टीत आहे. लक्ष्मीबाई स्वतःचा राग लपवीत नाहीत. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाचा आकांत, पुढील ताटातूट, पुन्हा एकत्र आल्यावरही पाळलेले सोवळे, हे सारे त्या सांगतात आणि स्वतःच्या हट्टावर हसतातही. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईला एकेकाळी परजातीच्या हातचे पाणी चालत नव्हते, तीच पुढे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करते. तिची करुणा आयती नाही, कमावलेली आहे. राग आणि हट्ट वगळले असते, तर ही कमाई वाचकाला दिसलीच नसती.

चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे अपुरा राहिला आणि देवदत्तांनी तो पूर्ण केला. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या ग्रंथाचे साक्षेपाने संपादन केले. मुलाच्या लेखनात जिव्हाळा आहे. परंतु आईचा तो खट्याळ स्वर त्यात नाही. तो येणार तरी कसा?

कुणी म्हणेल, लक्ष्मीबाईंना लिहिता येत होते; आमच्या आया तर अंगठा उठवीत. हे खरे आहे, आणि म्हणूनच जबाबदारी आपली आहे. आमच्याच आईवर आम्ही लिहिले तेव्हा 'पहाटे फुलांची टोपली घेऊन ती दादरला जाई' एवढ्या एका वाक्यात तिची चाळीस वर्षे बसविली. टोपलीचे किती पैसे होत, त्यांतले ती कुणाला उसने देई, गाडीत कुणाशी भांडे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. कारण आम्ही कधी विचारलेच नाही. विशेषणे आम्ही प्रेमापोटी लिहिली, असे तेव्हा वाटले होते. ती आमच्या अज्ञानावरचे पांघरूण होती, हे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना उमगले.

ज्यांच्या घरी आई किंवा आजी अजून ओटीवर बसून भाजी निवडते आहे, त्यांनी हे पुस्तक वाचावे. आणि वाचून झाल्यावर वही घेऊन तिच्याशेजारी बसावे. स्मृतिलेखाची पहिली ओळ तिच्या हयातीतच लिहावयाची असते.