‘६.४ वर्षांत पैसे वसूल’: एका आकड्याची उलटतपासणी

इमारतींसाठी ऊर्जाबचतीचे नियम कडक करायचे म्हटलं की वाद ठरलेला. बिल्डर म्हणतात, खर्च वाढेल, घरं महागतील, धंदा बसेल. नियमांच्या बाजूचे म्हणतात, वाढीव खर्च बिलातून भरून निघेल. दोघांनाही हवा असतो एक आकडा. आज असा आकडा देणारा एक गाजलेला पेपर तपासू. नेट किंवा पेट झाल्यावर विषय शोधत असाल, तर पेपरात ‘रिसर्च गॅप’ कुठे दडलेली असते तेही यातून दिसेल.

पेपर आहे ग्रँट जेकब्सन आणि मॅथ्यू कॉचेन यांचा, २०१३ सालचा, ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’मधला. गाव अमेरिकेतलं, फ्लोरिडातलं गेन्सव्हिल. फ्लोरिडाने २००२ मध्ये इमारतींची ऊर्जा संहिता कडक केली. लेखकांनी या बदलाच्या थोडं आधी आणि थोडं नंतर बांधलेली घरं घेतली आणि त्यांची प्रत्यक्ष बिलं ताडून पाहिली. नव्या नियमांखालच्या घरांत वीज ४ टक्के आणि गॅस ६ टक्के कमी लागत होता. त्यावरून हिशेब निघाला: घरमालकाचा जादा खर्च सरासरी ६.४ वर्षांत वसूल.

आधी चांगलं काय ते मान्य करू. गाव एकच, हवामान एकच, बांधकामाचा काळही जवळपास तोच. शिवाय विजेची बचत एसीच्या वापराशी आणि गॅसची बचत थंडीत घर तापवण्याशी जुळते. म्हणजे नुसता फरक दाखवून लेखक थांबत नाहीत, फरकामागची यंत्रणाही तपासतात. हे शिकण्यासारखं आहे.

आता ६.४ कडे या. हा आकडा म्हणजे साधा भागाकार: वर जादा खर्च, खाली वर्षाची बचत. खालची संख्या खऱ्या बिलांवरून आली. वरची? ती मुख्यतः खिडक्यांच्या सुधारित काचांच्या जादा किमतीवरून अंदाजलेली आहे, बिल्डरांच्या जमाखर्चातून मोजलेली नाही. अंदाज चुकून खर्च दुप्पट निघाला, तर ६.४ चे जवळपास १३ होतात. उलट, नियम सगळ्यांना लागू झाल्यावर तीच काच स्वस्त झाली, तर आकडा खाली येतो. धंद्यावर बोजा किती, हा वाद सगळा वरच्या संख्येचा आहे. पेपरची मेहनत मात्र खालच्या संख्येवर झाली आहे.

बरं, खालची संख्या तरी पक्की आहे का? कॉचेन यांनीच २०१७ मध्ये त्याच घरांची जास्त वर्षांची बिलं पाहिली. गॅसची बचत टिकली होती, विजेची टिकलेली दिसली नाही. घर नव्या नियमांचं म्हणून कमी वीज खातं, की नुसतं नवं आहे म्हणून? तीनच वर्षांच्या बिलांवरून हे दोन परिणाम वेगळे काढणं अवघड असतं. स्वतःचाच निष्कर्ष असा पुन्हा तपासायला धाडस लागतं.

विरोधक इथे टाळ्या वाजवतील. ते आरिक लेव्हिन्सन यांचा २०१६ चा पेपरही पुढे करतील. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये नियम आले, तेव्हा घरांचा ऊर्जावापर ८० टक्के कमी होईल असा अंदाज होता. लेव्हिन्सन यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं आणि तिन्हींत बचत अंदाजापेक्षा बरीच कमी आली. पण थांबा. बचत कमी निघाली म्हणजे धंद्याचा खर्च जास्त होता हे सिद्ध होत नाही. ती पुन्हा खालचीच संख्या आहे.

खर्चाच्या बाजूला हात घातला तो ब्रुग, डेर्युगिना आणि मायर्स यांनी, २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच घरांवर. त्यांना दिसलं की कडक नियमांनंतर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची नवी घरं लहान झाली आणि बेडरूम कमी झाल्या. म्हणजे खर्च बिल्डरच्या खिशातच राहिला नाही, तो चौरस फुटांतून वसूल झाला. हे ६.४ मध्ये कुठेच दिसत नाही, कारण सरासरीत श्रीमंत आणि गरीब एकाच रांगेत उभे असतात.

हे सगळं आपल्याला कशाला? कारण आपल्याकडे २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आली. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट आणि त्यापुढच्या जोडभाराच्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणायची वाट मोकळी केली. उद्या मुंबईत किंवा नागपुरात हाच वाद होईल, तेव्हा कोणीतरी गेन्सव्हिलचा आकडा उचलून आणेल. पण मुंबईची दमट हवा वेगळी, नागपूरचा उन्हाळा वेगळा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर काचेचे पैसे एक भरतो आणि बिल दुसराच. मग ‘वसूल’ नेमकं कोणाचं?

एक सवय लावून घ्या. पेपर वाचताना वहीच्या पानावर दोन रकाने पाडा: ‘मोजलेलं’ आणि ‘गृहीत धरलेलं’. गाजलेला आकडा दुसऱ्या रकान्यावर टेकलेला दिसला, तर तिथे थांबा. कदाचित तुमच्या पीएचडीचा विषय तिथेच असेल.