लग्न खरे, पुरावा अपुरा

नवरात्र सुरू व्हायच्या आधी आमच्या आळीतल्या एक बाई हातात दोन छापील कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता. एवढे वाचून सांगा," म्हणाल्या. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे; पाचवी-सहावीच्या वर्गाला ते पुरते, अमेरिकन सरकारच्या पत्राला पुरत नाही. तरी शब्दकोश घेऊन बसले. त्यांची मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, मुदत संपल्यावरही तिथेच राहिली, पुढे तिथल्याच एका नागरिकाशी तिने लग्न केले आणि त्या लग्नाच्या आधारे ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. तो अर्ज नामंजूर झाला होता. लग्न खोटे आहे असे पत्रात कुठेही म्हटलेले नव्हते. ते खरे असल्याचा पुरेसा पुरावा दाखल झाला नाही, एवढेच म्हटले होते.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला हे वाक्य ओळखीचे वाटले. "पात्रे पटत नाहीत," असे संपादक लिहितात ना, त्याच जातीचे! फरक इतकाच, की संपादकाने कथा परत केली तर लेखक घरीच असतो.

याच विषयावरचे तीन बोलपट मी मुद्दाम पाहिले, आणि त्या पत्राला ते कितपत उतरतात हे ताडून पाहिले. त्याचीच ही हकीकत.

पीटर वीअरचा 'ग्रीन कार्ड' हा १९९० सालचा. तिला झाडांचे घर असलेली न्यूयॉर्कमधली एक जागा हवी आहे आणि ती जागा जोडप्यालाच मिळते. त्या फ्रेंच माणसाला कार्ड हवे आहे. दोघे कागदावर लग्न करतात आणि आपापल्या वाटेने जातात. मग चौकशी येते, आणि दोन दिवसांत एकमेकांची माहिती पाठ करावी लागते. गच्चीवर बर्फातले कपडे घालून ती दोघे सहलीची खोटी छायाचित्रे काढतात, तो प्रसंग फार गमतीचा आहे. मुलाखतीत दोघांना वेगवेगळे बसवतात. त्याला तिच्या चेहऱ्याला लावायच्या क्रीमचे नाव आठवत नाही आणि तो बोलून जातो, की हे मला कधीच लक्षात राहत नाही. पाठांतर उघडे पडते. परीक्षेत गाइडातले उत्तर लिहिणारा मुलगा नेमका असाच सापडतो, हे मी रोज पाहते.

पण या चित्रपटावर माझा एक आक्षेप आहे. तो आपल्याला फार लाडावतो. लग्न खोटे कुठे होते आणि खरे कुठे झाले, हे प्रेक्षकाला सारे दिसते. अधिकाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून आपण अधिकाऱ्याला हसतो. आळीतल्या बाईंच्या जावयाला विचारले होते, की पलंगाच्या कुठल्या बाजूला बायको झोपते. त्याने एक बाजू सांगितली, तिने दुसरी. घर बदलले होते. तो नव्या घरातले सांगत होता, ती जुन्या! तिथे प्रेक्षक कोणी नव्हता. शिवाय शेवटी त्या फ्रेंच माणसाला परत पाठवतात, दोघे अंगठ्या घालतात, आणि आता सारे ठीक होईल असे समजून आपण उठतो. खोट्या लग्नाचा ठपका एकदा बसला, की पुढे खरे लग्न केले तरी त्याच्यासाठी बायकोने केलेला अर्ज तिथल्या कायद्याप्रमाणे मंजूर होत नाही. त्या अंगठ्यांमागे एवढा अंधार आहे, हे दिग्दर्शकाने सांगितले नाही.

'होल्ड बॅक द डॉन' हा मिचेल लायझनचा १९४१ सालचा चित्रपट मला तिघांत मोठा वाटतो. पटकथा चार्ल्स ब्रॅकेट आणि बिली वाइल्डर यांची. वाइल्डर स्वतः १९३४ साली मेक्सिकोच्या सीमेवर व्हिसासाठी थांबलेला होता, आणि ते पानोपानी कळते. युद्धामुळे पळालेली माणसे सीमेवरच्या गावात अडकून पडली आहेत. रुमानियाच्या वाट्याला येणाऱ्या जागा इतक्या थोड्या, की नायकाचा नंबर यायला वर्षे लागणार. हॉटेलात त्याला खोली मिळते तीसुद्धा आधीच्या माणसाने गळफास लावून घेतला म्हणून. मग तो सोपा मार्ग धरतो, अमेरिकन बायको. सापडते कोण? मुलांची सहल घेऊन आलेली शाळेतली बाई!

इथे मी जरा रागावलेच. शाळेतली बाई म्हटली की भोळी, हे सगळ्या देशांतल्या लेखकांनी कोणत्या परिषदेत ठरवले आहे कोण जाणे. परंतु ऑलिव्हिया डी हॅविलंडने रंगवलेली ही एमी शेवटी लेखकांवर मात करते. नवऱ्याने आपल्याला कार्डासाठी फसवले, हे तिला कळलेले असते. चौकशी अधिकारी समोर उभा असतो. आणि ती त्याच्यादेखत नवऱ्याची बाजू घेते. मग एकटी निघून जाते. अधिकाऱ्याला हवा असलेला पुरावा त्या क्षणी त्याच्यासमोर घडतो, आणि तो कुठल्या रकान्यात लिहावा हे कोणालाच सांगता येणार नाही.

या चित्रपटाची एक गोष्ट पडद्यावर आलीच नाही. हॉटेलच्या खोलीत नायक भिंतीवरच्या झुरळाला काठीने अडवतो आणि विचारतो, तुझे कागद कुठे आहेत? असा प्रसंग लेखकांनी लिहिला होता. नट शार्ल बॉयेने झुरळाशी बोलायला नकार दिला आणि प्रसंग गेला. वाइल्डर त्यावर असा चिडला, की पुढे आपले लेखन आपणच दिग्दर्शित करायचे असे त्याने मनात घेतले. नटाचा मान राहिला. चित्रपटातले सर्वांत खरे वाक्य मात्र हरवले, असे मला वाटते.

तिसरा ड्रेक डोरेमसचा 'लाइक क्रेझी', २०११ सालचा. अ‍ॅना इंग्लंडची, लॉस एंजेलिसला शिकते. प्रियकराबरोबर एक उन्हाळा काढायला म्हणून मुदत उलटून राहते. मग घरच्या कार्याला मायदेशी जाते, आणि परतताना विमानतळावरूनच तिला माघारी धाडतात. मुदत मोडली की तो व्हिसा बादच होतो. पुढे लग्न होते, अर्ज होतो, तोही नाकारला जातो. संवाद बहुतेक नटांनी आयत्या वेळी रचलेले, त्यामुळे काही ठिकाणी नुसतेच पुटपुटणे ऐकू येते, कंटाळा येतो. पण यात खलनायक अधिकारी नाही, कॅलेंडर आहे. कार्ड हातात येईपर्यंत दोघे एकमेकांना अनोळखी झालेली असतात. शेवटचा प्रसंग पाहून मला रात्री झोप लागली नाही.

आणि नेमके हेच त्या बाईंना सांगायचे माझ्या वाट्याला आले. त्यांनी विचारले, "मग दिवाळीला चार दिवस येऊन जाऊ दे की तिला. मन तरी हलके होईल." मुदत उलटून राहण्याचा हिशेब तिथे बाहेर पडताना होतो. १९९६ सालच्या कायद्याने, एकशे ऐंशी दिवसांहून अधिक राहिलेल्याला देश सोडल्यावर तीन वर्षे आणि वर्ष वा त्याहून अधिक राहिलेल्याला दहा वर्षे परत येण्याची बंदी आहे. माफीचा अर्ज असतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. नागरिकाची बायको, रीतसर व्हिसावर आत आलेली असेल, तर मुदत उलटूनही तिथल्या तिथे अर्ज करू शकते. म्हणून तर ती थांबली होती. चार दिवसांच्या फराळाला दहा वर्षांची किंमत! बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मेले तरी?" मी उत्तर दिले नाही.

नामंजुरीनंतरचे दिवस तिन्ही चित्रपटांनी जवळजवळ वगळले आहेत. मला कादंबरी लिहायची झाली तर मी तिथूनच सुरुवात करीन. नवऱ्याच्या मूळ अर्जावर अपील करायला तीस दिवस मिळतात, आणि ते अपील नवऱ्याचे असते. जिच्या आयुष्याचा प्रश्न, तिला ते करता येत नाही. तो त्या दिवसांत रुसला, थकला, की संपले. आता हद्दपारीची नोटीस येईल की काय म्हणून टपालपेटीशी कान लावून बसायचे. खोटेपणाचा ठपका नसेल तर नव्याने अर्ज करता येतो, पुरावे वाढवून. त्यांच्या वकिलाने हाच मार्ग धरायला सांगितले आहे. भाडेपट्टी, बँकेचे खाते, छायाचित्रे, आणि हा संसार ज्यांनी पाहिला त्यांची प्रतिज्ञापत्रे.

"आईचेही चालते म्हणे," बाई म्हणाल्या. "तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हीच लिहून द्या, म्हणजे चांगले होईल. इंग्रजी वकील करून घेईल."

मी विचारले, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा. त्यांनी जावयाला प्रत्यक्ष पाहिलेले नाही. फोनवरच्या चित्रात दर रविवारी दिसतो. पोहे भिजवताना पाणी फार घालतो आणि लगदा करतो, मुलगी रागावते, तो पातेले उचलून आईला दाखवतो. गेल्या पावसाळ्यात बाईंचा पाय मोडला तेव्हा त्याने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन केला आणि प्रत्येक वेळी एकच मराठी वाक्य म्हटले, "आई, पाय कसा आहे?" मुलगी कामावर गेलेली असतानाही.

मी ते तसेच लिहिले, पोह्यांसकट. शेवटी 'दोन देशांना जोडणारी ही रेशीमगाठ' असे एक वाक्य माझ्या हातून उतरले होते. ते खोडले. पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवून काढले आणि बाईंना वाचून दाखवले. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. पाय उजवा होता. मी डावा लिहिला होता.