नेटवर्क नसलेल्या गावाहून

गेल्या मे महिन्यात आमच्या टीममधली एक टेस्टर दहा दिवसांच्या रजेवर गेली. जाताना तिने जो आउट-ऑफ-ऑफिस लावला तो इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचा तर साधारण असा: 'मी १९ तारखेपर्यंत रजेवर आहे. तोवर आलेले मेल मी वाचणार नाही. परत आल्यावरही वाचणार नाही. काम तेव्हाही शिल्लक असेल, तर २० तारखेला पुन्हा पाठवा.'

अर्ध्या तासात त्याचा स्क्रीनशॉट फ्लोअरभर फिरला. कुणी टाळ्या पाठवल्या, कुणी हात जोडले. रात्री आठला मॅनेजरचा तिला फोन गेला. ती पुणे स्टेशनवर गाडीत बसून डबा उघडत होती. फोनवरच्या ॲपमधून मजकूर बदलला गेला आणि नवा मजकूर तुम्हाला पाठ असेल: रजेवर आहे, मेल पाहण्याची सोय मर्यादित आहे, उत्तराला उशीर झाल्यास क्षमस्व, तातडीचं असल्यास अमुक नंबरवर फोन करा.

मी गेली चार वर्षं हे मजकूर जमवतो आहे. मेलमध्ये वेगळं फोल्डर केलंय. लोक तिकिटं जमवतात, मी हे. चांगला मजकूर आला की आत टाकतो, वाईट आला तर आवर्जून टाकतो. इतके वाचल्यावर माझं मत झालंय की हा एक साहित्यप्रकार आहे आणि आपल्या पिढीतला नोकरदार माणूस दुसरा कुठलाही साहित्यप्रकार इतक्या नियमाने लिहीत नाही. तेव्हा त्याच्यावर कुणीतरी नीट टीका लिहायला हवी. संपादकांना हे पटवायला मला तीन मेल लागले. पहिल्या दोन मेलना त्यांचा ऑटो-रिप्लाय आला.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे युनिक्सवरचा 'व्हेकेशन' नावाचा छोटासा प्रोग्रॅम. तो लिहिला बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी, ज्यांनी 'सेंडमेल' लिहिलं त्यांनीच. त्याच्या मॅन्युअलमध्ये नमुना म्हणून एक मजकूर दिलाय: मी २२ जुलैपर्यंत सुट्टीवर आहे, तातडीचं असेल तर या सहकाऱ्याशी बोला, खाली सही. संपलं. क्षमा नाही, आभार नाहीत, आपण किती दमलोय याचं वर्णन नाही. कधीपर्यंत नाही आणि तोवर कोण आहे, एवढंच. माझ्या फोल्डरमधल्या कुठल्याही मजकुरापेक्षा मला तो आजही सरस वाटतो.

प्रोग्रॅमही शहाणा होता. कुणाला उत्तर पाठवलं याची तो नोंद ठेवायचा आणि त्याच माणसाने पुन्हा मेल केला तर आठवडाभर गप्प बसायचा. नाहीतर रजेवरची दोन माणसं, खरं तर त्यांची यंत्रं, 'मी नाही', 'मीही नाही' असं एकमेकांना अनंतकाळ सांगत बसली असती. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या आरएफसी ३८३४ या दस्तऐवजात याचे नियम रीतसर लिहिले गेले: ऑटो-रिप्लायने आपण ऑटो-रिप्लाय असल्याची खूण हेडरमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या ऑटो-रिप्लायला उत्तर देऊ नये. हे नियम न वाचता बनवलेली एक तिकीट सिस्टीम मी सांभाळली आहे. आउट-ऑफ-ऑफिस आला की ती नवीन तिकीट उघडायची आणि 'तुमचं तिकीट नोंदवलं आहे' असं उलट कळवायची. पलीकडचा मेल सर्व्हरही तसाच अडाणी. सकाळी येऊन पाहतो तर अकराशे तिकिटं. सगळ्यांचा विषय एकच, की एक गृहस्थ सोमवारपर्यंत नाहीत.

पण या प्रकारातली अजरामर कृती वेल्समधली. २००८ साली स्वान्सीच्या नगर प्रशासनाला रस्त्यावर पाटी लावायची होती: अवजड वाहनांना प्रवेश नाही, फक्त निवासी वस्ती. तिथे पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लागते, म्हणून इंग्रजी मजकूर भाषांतर विभागाला मेल केला. वेल्शमध्ये उत्तर आलं. ते त्यांनी पाटीवर छापलं आणि पाटी उभी केली. वेल्श येणाऱ्यांनी वाचलं: 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असल्यास पाठवून द्या.'

हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात. मला त्यात या प्रकाराची सगळी गोम दिसते. ऑटो-रिप्लाय दिसतो अगदी उत्तरासारखा. त्याला विषय असतो, सही असते, तो मिनिटभरात येतो. फक्त तुम्ही काय लिहिलंत ते त्याने वाचलेलं नसतं.

आणि इथेच विनोदी आउट-ऑफ-ऑफिसची पंचाईत होते. विनोद करताना समोर कोण आहे ते बघावं लागतं. लग्नात चालणारा विनोद दहाव्याला चालत नाही. इथे समोर कोण असणार ते लिहिताना माहीत नसतं, आणि तो समोर येईल तेव्हा आपण तिथे नसतो. आमच्या एका अमेरिकन क्लायंटकडचा मॅनेजर दर उन्हाळ्यात कॅम्पिंगला जातो. त्याचा मजकूर असा, की मी जंगलात आहे, अस्वलांनी वाय-फायचा पासवर्ड द्यायला नकार दिलाय, जिवंत परतलो तर उत्तर देईन. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो होतो. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते, पगाराची फाइल अडकली होती आणि ती पुढे सोडायला त्याच एका माणसाची परवानगी हवी होती. विनोद तोच, शब्द तेच. मी स्क्रीनवरच्या त्या अस्वलाकडे बराच वेळ बघत होतो.

बहुतेक विनोदी मजकुरांबद्दल माझी तक्रार याहूनही साधी आहे. ते विनोद नसतात, माफीनामे असतात. 'तुमचा मेल माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे, पण समुद्र त्याहून जास्त' असं लिहिणारा माणूस आधी हसवून घेतो, कारण रजा घेतल्याची त्याला लाज वाटतेय. आपल्याला शाळेतच ती लावलेली असते. आठवा: 'तब्येत बिघडल्यामुळे मी दोन दिवस शाळेत हजर राहू शकलो नाही, तरी कृपया रजा मंजूर करावी. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.' त्यात खरं फक्त नाव असायचं.

माझे बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यांच्या रजेच्या फॉर्मवर 'रजेच्या काळातील पत्ता' असा रकाना असे आणि गाव सोडून जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी मागावी लागे. लहानपणी मला वाटायचं, मुख्यालय म्हणजे किल्ला असणार. आता आउटलुकमध्ये दोन चौकटी असतात, एक कंपनीतल्या लोकांना जाणाऱ्या मजकुराची, एक बाहेरच्यांना जाणाऱ्या मजकुराची. बाहेरच्या चौकटीत आपण सभ्यपणे 'रजेवर आहे' म्हणतो. आतल्या चौकटीत मोबाइल नंबर देतो. तो नंबर म्हणजे बाबांच्या फॉर्मवरचा रकानाच आहे. बाबांच्या पत्त्यावर यायला निदान पोस्टमन लागायचा.

मग रोखठोक मजकुराचं काय? तो आवडणारे लगेच पुणेरी पाटीचा दाखला देतात. 'दुकान १ ते ४ बंद राहील.' कारण नाही, क्षमस्व नाही. भाषा म्हणून मला ती पाटी फार आवडते. 'व्हेकेशन'च्या नमुन्याशी तिचं सख्खं नातं आहे. पण दाखला चुकीचा आहे. पाटी लावणारा दुकानाचा मालक असतो. शटर त्याचं, भूकही त्याची, झोपही त्याची. चितळ्यांनी २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेही त्यांनीच ठरवलं. आमची टेस्टर शटरची मालकीण नव्हती, म्हणून तिची पाटी डबा उघडायच्या आत उतरवली गेली.

गंमत म्हणजे तिने लिहिलं ते जगात कुठे चालत नाही असं नाही. डाइमलर या जर्मन कंपनीने २०१४ साली आपल्या जर्मनीतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांना अशी सोय दिली, की रजेवर असताना आलेला मेल थेट डिलीट होईल आणि पाठवणाऱ्याला तसं कळवून दुसऱ्या माणसाचं नाव दिलं जाईल. म्हणजे आमच्या टेस्टरचीच पाटी, फक्त कंपनीने लावलेली. फोक्सवॅगनने त्याआधी, २०११ मध्ये, काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने मेल पाठवणं बंद केलं होतं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामापासून तुटण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं ते तुम्हाला माहीत आहे. श्टुटगार्टमध्ये जी पॉलिसी असते ती हिंजवडीत ॲटिट्यूड प्रॉब्लेम होते, एवढं मी त्या रात्री शिकलो.

आता एका पात्राबद्दल बोलायला हवं, ज्याच्याकडे कुणी समीक्षक बघत नाही. प्रत्येक आउट-ऑफ-ऑफिसमध्ये तिसरा माणूस असतो: 'माझ्या अनुपस्थितीत यांच्याशी संपर्क साधा.' मे महिन्यात तो माणूस मी होतो. तिचा पहिला मजकूर मला आवडला होता, स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यांत मीही होतो. पण तो बदलून घेतला जात होता तेव्हा मी मॅनेजरच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. 'मजकूर राहू दे, जे येईल ते मी बघतो' एवढं म्हणणं शक्य होतं. मला दहा दिवसांचे तिचे बग दिसत होते. मी काही म्हटलं नाही. तेव्हा रोखठोक मजकुराची थोरवी मी इथे गातोय, ती ऐकताना हेही लक्षात असू द्या.

माझ्या फोल्डरमधला सर्वांत वाईट मजकूर माझाच आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांचं बायपास झालं. मी आठ दिवसांची रजा घेतली आणि लावून दिला: वैयक्तिक कारणामुळे रजेवर, मेल पाहण्याची सोय मर्यादित. आतल्या चौकटीत मोबाइल नंबर. सोय मर्यादित वगैरे काही नव्हती. आयसीयूबाहेरच्या बाकावर चार्जिंगचा पॉइंट होता, वाय-फाय फुकट होतं आणि आत सोडायचे ते दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बाकीचा वेळ मी मेलना उत्तरं देत होतो. म्हणजे लोकांना आधी माझा ऑटो-रिप्लाय जायचा की मी नाही, आणि दोन मिनिटांनी माझं उत्तर. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, 'बरं झालं, तू आहेस.' त्याच संध्याकाळी आईने विचारलं, डॉक्टर मघाशी काय म्हणाले? डॉक्टर बोलले तेव्हा मी शेजारीच उभा होतो, हातात फोन होता. मला सांगता आलं नाही. पुन्हा नर्सला जाऊन विचारावं लागलं.

तेव्हापासून मला 'सोय मर्यादित आहे' हे वाक्य वाचवत नाही. एके काळी ते खरं असेल. गावाला जायचं म्हणजे सायबर कॅफे शोधायचा असे दिवस होते. आता ते फक्त सभ्य खोटं आहे. 'वाचणार नाही' म्हणायची हिंमत नसते म्हणून आपण 'वाचता येणार नाही' म्हणतो. कर्ता काढून टाकतो आणि सगळा दोष नेटवर्कवर ढकलतो. आपल्या पिढीची अर्धी गावं याच कारणासाठी कागदोपत्री नेटवर्कबाहेर आहेत. आमचं गाव संगमेश्वरजवळ. टॉवर घराच्या मागेच, परसातल्या फणसाच्या पलीकडे. ओटीवर पाचही काड्या येतात.

या वर्षी गणपतीला जाताना मी ठरवून लिहिलं: 'मी गावी गणपतीला चाललोय, सोमवारी परत येईन. फोन लागतो, पण मी उचलणार नाही.' आणि खाली तिसऱ्या माणसाचं नाव. ओडिशाचा आहे, गणपतीत मी जातो तेव्हा तो माझं काम बघतो, रजोला तो जातो तेव्हा मी त्याचं. या वेळी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, मेल मला करू देत, तुझा फोन बंद ठेव.

मॅनेजरचा फोन आलाच, पेणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये होतो तेव्हा. 'अरे, बाकी सगळं ठीक आहे, पण ते शेवटचं वाक्य तेवढं काढ ना. क्लायंटला पण जातं ते. नेटवर्क नसतं म्हण, सगळे तसंच लिहितात.' मी म्हटलं, टॉवर घराच्या मागे आहे. तो हसला. म्हणाला, क्लायंटला काय कळतंय.

बस तासभर जागची हलली नाही. मी तेवढ्या वेळात मजकूर चार वेळा उघडला. शेवटी 'उचलणार नाही' काढलं. 'नेटवर्क नसतं' मात्र घातलं नाही. राहिलं ते असं: 'मी गावी गणपतीला चाललोय, सोमवारी परत येईन. फोन लागतो.'

पाच दिवसांत सात फोन आले. दोन उचलले.